काकाजींची स्कूटर आणि बिनझाकणाची किटली

काकाजी स्कूटरला किक मारण्याआधी तिला डाव्या कुशीवर वाकवायचे, जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत. मग तिच्या पत्र्याच्या अंगावर हलकेच थापटायचे आणि सरळ उभी करत म्हणायचे, “उठ वं बाई, दिवस निघाला.” टाकीतलं पेट्रोल नीट खाली उतरावं म्हणून जुन्या स्कूटरी अशा वाकवाव्या लागतात, हे मला माहीत होतं. पण आमच्या गल्लीतल्या पोरांना वाटायचं की काकाजी तिच्या कानात काहीतरी सांगतात. खरं सांगायचं तर सुरुवातीला काही दिवस मलाही तसंच वाटायचं.

मी त्यांचा भाडेकरू होतो. माझं गाव मेडशी. वाशिमला एका कॉलेजात कारकुनाची नोकरी लागली तेव्हा पुसद नाक्याजवळ त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या मला मिळाल्या, आणि लग्नाआधीची, लग्नानंतरची माझी उमेदीची सगळी वर्षं त्या खोल्यांत गेली. त्यांना सगळे काकाजीच म्हणत. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

स्कूटर शेवाळी रंगाची होती. सगळी पत्र्याची, मागे स्टेपनी लटकवलेली, गिअर डाव्या मुठीत. गावात बटन दाबलं की सुरू होणाऱ्या प्लास्टिकच्या गाड्या आल्या, घरोघरी झाल्या, तरी काकाजींनी ती सोडली नाही. कोणी विचारलं तर म्हणत, “माह्या गाडीले धक्का लागला तं पोचा येते. तुमच्या गाडीले धक्का लागला तं बिल येते.” पाय ठेवायच्या जागेत त्यांनी काय काय वाहून नेलं याला हिशेब नव्हता. गॅसचं सिलिंडर, सोयाबीनच्या बियाण्याची बॅग, शाळेचा ब्लॅकबोर्ड, लग्नातलं घंगाळ. एकदा अनसिंगहून त्यांनी गाभण शेळी आणली आणि ती वाटेतच व्याली. “निंगालो तवा एक होती,” काकाजी सांगायचे, “घरी पोचल्या तीन.” मागून काकू ओरडून दुरुस्ती करायच्या, “दोनच होत्या. तिसरं घरी आल्यावर झालं.”

हॉर्न त्यांनी काढून टाकला होता. “मानसाले पों पों कराचं? मी काय ट्रक हाये?” भर बाजारात ते तोंडानंच रस्ता मागायचे, आणि तोही नातं लावून. “मावशे, जराशी इकडं हो.” “ओ जावईबापू, तुमच्या म्हशीले सांगा.” लोक वळून बघायचे, हसायचे आणि सरकायचे. मी त्याच रस्त्यावर हॉर्न वाजवत जायचो आणि माझ्यासाठी कोणी सरकायचं नाही.

मी माफी मागणारा माणूस आहे. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मीच म्हणतो. हे काकाजींना पहिल्याच दिवशी कळलं, कारण खोल्या देण्याआधी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

“गाडी चालोता येते?”

“येते काकाजी.”

“चाल मंग. मी मांगं बसतो.”

काकूंनी आतून एक किटली आणली. दुधाची असते तशी, ॲल्युमिनियमची, वर दांडी. काठोकाठ ताक भरलेलं आणि झाकण नाही. काकाजी ती मांडीवर घेऊन मागे बसले. आमच्या घरापासून रेल्वे फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. तो रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला ‘एवढंच’ म्हणजे काय ते कळेल. मी अख्खा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये काढला. प्रत्येक खड्ड्याला “सॉरी काकाजी” म्हणत गेलो. परत आल्यावर काकूंनी किटलीत वाकून पाहिलं. आतल्या बाजूनं, काठाच्या जरा खाली, दांडी जोडणाऱ्या खिळ्याचं डोकं दिसायचं. ताक त्या खिळ्याच्या वर राहिलं तर पास. खिळा उघडा पडला तर नापास. माझा खिळा पार बुडालेला होता. मी शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

“सांडलं नाई,” काकाजी म्हणाले, “पन आंबलं.”

खोल्या मात्र मिळाल्या. तेव्हापासून ते मला ‘बाबूसाहेब’ म्हणू लागले आणि त्यात थट्टा किती, माया किती, हे मी कधी मोजू शकलो नाही.

ही परीक्षा खरं तर भाडेकरूंसाठी नव्हती, नवरदेवांसाठी होती. काकाजी सोयरीक जमवायचे. धंदा म्हणून नाही. त्याचा रुपयाही त्यांनी कधी घेतला नाही, लग्नातला आहेरसुद्धा नाही. जेवायला मात्र जायचे, आणि तेही शेवटच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर. नोकरीत असताना ते घरोघरी विजेचे मीटर वाचायचे. त्या काळी मीटर घराच्या आत, कुठंतरी दाराच्या वर असायचं. त्यामुळं वाशिमपासून जवळच्या मालेगावपर्यंतची घरं त्यांनी आतून पाहिलेली. “मीटर वाचाले गेलं की बाई पानी देते,” ते सांगायचे. “पानी देतानी थी पयले घरातल्या मानसाकडं पाह्यते का सरळ मले देते, त्याच्यावरून घर समजते.”

निवृत्त झाल्यावर या माहितीचं काय करायचं म्हणून त्यांनी लग्नं जमवायला घेतली. पण मुलगा त्यांना बैठकीत बसून बघायचा नसे. “पोहे खातानी सारेच पोरं सारखे दिसतेत. रस्त्यावर पाहा. मांगं कोनी बसलं हाये, त्याच्या हातात काही हाये, हे ज्याच्या ध्यानात राह्यते, त्याच्या घरी पोरगी द्या.” म्हणून स्कूटर, म्हणून किटली. मुलगा चालवायचा, काकाजी मागे ताक धरून बसायचे. परत आल्यावर आधी चहा, मग निकाल, हा त्यांचा क्रम. चहा होईपर्यंत ते कोणाला काही कळू देत नसत आणि मुलाचा बाप ओट्यावर चुळबुळत राहायचा.

जिल्ह्यात याची इतकी चर्चा झाली की मुलं तयारी करून येऊ लागली. एक जण म्हणे घरी मागे भावाला बसवून, त्याच्या मांडीवर पाण्याची बादली ठेवून सराव करत होता. भाऊ रोज भिजायचा. काकाजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “त्या भावाचं लगन पयले लावा.”

निकालात त्यांनी कधी कोणाचं तोंड पाहिलं नाही. सख्ख्या बहिणीचा मुलगा, दिसायला देखणा, नोकरीत कायम. खिळ्याच्या डोक्याची नुसती कड उघडी पडली होती. काकाजींनी नापास सांगितलं. बहीण कित्येक वर्षं राखी बांधायला आली नाही. दर राखीला ते सकाळीच आंघोळ करून, नवा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी शर्ट बदलायचे. पण निकाल बदलला नाही.

स्वतः काकाजी मात्र मागून मिळणाऱ्या हुकमावर चालायचे. त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि स्कूटरचा आवाज तर विचारू नका. म्हणून काकू मागे बसल्या की त्यांच्या खांद्यावर हात मारायच्या. डाव्या खांद्यावर मारलं की डावीकडे, उजव्या खांद्यावर मारलं की उजवीकडे, पाठीत मारलं की थांबायचं. इतकी वर्षं हे चाललं होतं की आता खांदा आणि हँडल यांच्यामध्ये डोक्याचा संबंधच राहिला नव्हता. एकदा अनसिंगच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याला त्यांनी मागे घेतलं. तो माणूस आनंदी. बोलता बोलता त्यानं खूश होऊन काकाजींच्या उजव्या खांद्यावर जोरात थाप मारली, आणि काकाजी तत्काळ उजवीकडे वळले. तिथं रस्ता नव्हता, तूर होती. दोघं तुरीतून बाहेर आले तेव्हा तो म्हणाला, “काकाजी, अथी कोनाचं वावर हाये?” काकाजी म्हणाले, “मले काय माहीत? तूच आनलं ना.”

काकाजी आता नाहीत. स्कूटर आहे, मागच्या पडवीत. काकू तिच्यावर धुतलेल्या गोधड्या वाळत घालतात. ती सुरू होते की नाही हे कोणी पाहिलेलं नाही, आणि पाहावं असं मलाही वाटत नाही. मला सांगायचंय ते माझ्या बहिणीच्या वेळचं.

घरात तिला सगळे बेबी म्हणतात. माझ्याहून बरीच लहान. मला नोकरी लागली त्याच साली बाबांना अर्धांगवायू झाला. आई थकलेली. मी वाशिमला निघून आलो आणि बेबी मेडशीला राहिली. ती शिवणकाम करायची. मैत्रिणीची बिनगिअरची गाडी घेऊन आजूबाजूच्या गावांत मापं घ्यायला जायची, रात्री बसून ब्लाउज शिवायची, बाबांना उठवायची, बसवायची. तिच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जाऊ लागली तरी तिचं लग्न झालं नव्हतं. मी मेडशीला गेलो की ती मला वाढायची आणि मी ताट अर्ध्यावर सारायचो. तिचं आयुष्य मी खाऊन बसलोय असं मला वाटायचं. ते मी कोणाला बोलत नसे, पण काकाजींना एकदा ओट्यावर बसून सगळं बोललो. ते ऐकून घेत सुपारी कातरत होते.

“म्हंजे तुले तिचं लगन कराचं हाये, का तुह्यं ओझं उतरवाचं हाये?”

मी सुपारीचं एक खांड उचललं आणि परत ठेवलं.

“बरं. पाहू,” ते म्हणाले.

त्यांनी शेलूबाजारचा एक मुलगा काढला. सरकारी नोकरी, घरची शेती, वडील सरळ माणूस. वय बेबीला जुळणारं, कारण त्याचंही लग्न लांबलं होतं. मी रात्रंदिवस देवाला एकच मागणं घालत होतो, खिळा उघडा पडू नये.

ते लोक दुपारी कारनं आले. मुलगा, त्याचे वडील, दोघंच. बेबी आदल्या दिवशीच मेडशीहून आली होती. मुलगा हसतमुख, नमस्कार करणारा. काकूंनी किटली भरली, काकाजी मागे बसले, स्कूटर गेली. परत आली तेव्हा मी ओट्यावरूनच मान उंच करून काकाजींच्या पायजम्याकडे पाहिलं. कोरडा. काकाजींनी किटली आणून आतल्या दाराशी ठेवली. जाताजाता मी डोकावलो. खिळा बुडालेला. मला इतकं हलकं वाटलं की मी माझ्या बायकोच्या हातातला पोह्यांचा ट्रे उगाचच धरून उभा राहिलो आणि ती म्हणाली, “सोडा ना, पाहुणे वाट पाहून राह्यले.”

चहा झाला. आता निकाल. काकाजी उठणार एवढ्यात बेबी दारातून बाहेर आली. तिनं पदर खोचला होता.

“काकाजी, अजून एक फेरी मारून येऊ का? आता मी चालवतो. हे मांगं बसतीन.”

समोरच्या ओट्यावरची म्हातारीसुद्धा गहू निवडायचा हात थांबवून बसली.

“गिअरची गाडी हाये बाई थी,” मुलाचे वडील समजावत म्हणाले.

“हो, मामाजी. कधी चालवली नाई म्हून तं.”

मी लाजेनं अर्धा झालो. “माफ करा, ती जरा...” असं सुरूही केलं. पण मुलगाच हसून उभा राहिला. “चला की. मले काही हरकत नाई.” राहिले काकाजी. स्कूटर ते परीक्षेपुरती मुलांना देत, पण बाईनं तिच्या हँडलला हात लावलेला मी पाहिला नव्हता. काकूंनीसुद्धा तो कधी लावला नव्हता. ते किल्ली मुठीत धरून स्कूटरकडे बघत राहिले.

“द्या ना चाबी,” आतून काकू म्हणाल्या. “कायले इचार करून राह्यले?”

बेबीनं स्कूटर वाकवली, किक मारली. ती एकदा गचकली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि माकडासारख्या उड्या मारत वळणाआड गेली. मी बसू शकत नव्हतो. बऱ्याच वेळानं आवाज आला. स्कूटर आली तेव्हा मुलगा चालवत होता, बेबी मागे बसली होती. दोघांना काही लागलेलं नव्हतं. मुलगा हसतच खाली उतरला. बेबी सरळ स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेलो.

“नाई, दादा,” ती म्हणाली.

“काय नाई?”

“हा नाई.”

“काहून? काही बोलला का? काही वागला का तुह्याशी?”

“काही नाई केलं त्यानं. चांगला हाये तो.”

“मंग काय झालं?”

“मांगून हात घालून माह्या हातावर हात धरला. क्लच दाबाले. मी म्हटलं, सोडा. त्यानं सोडला. मंग पुढच्या वळनावर अजून धरला. तवाही म्हटलं, सोडा. फाटकापाशी म्हने, उतरा तुमी, मी घेतो.”

“तू पडशीन म्हून केलं असंन त्यानं.”

“मी पडत नोहती.”

हे तिनं चिडून नाही सांगितलं. पाणी कुठं ठेवलंय हे सांगावं तसं सांगितलं. मी तिला समजावू लागलो. बाबांचं सांगितलं, वयाचं सांगितलं, असा मुलगा पुन्हा येणार नाही हे सांगितलं. ती ओट्यावर सांडलेली साखर बोटानं एका जागी करत राहिली. मला तिच्या मनापेक्षा बाहेर बसलेल्या माणसांची भीती जास्त वाटत होती. मुलीनं मुलगा नाकारला ही गोष्ट आमच्याकडे संध्याकाळपर्यंत शेलूबाजारला पोचते आणि दुसऱ्या दिवशी मेडशीला. एवढं वय झालं, वरून नखरे, असं लोक म्हणतात. मग पुढचा मुलगा येतच नाही. आणि मुलगा तर पास झाला होता. पास झालेल्या मुलाला नाही कसं म्हणायचं?

दारात काकाजी उभे होते. किटली काकूंना दाखवायला म्हणून ते आत आले होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे.

“पक्कं?” त्यांनी बेबीला विचारलं.

“पक्कं.”

बाहेरून मुलाच्या वडिलांचा आवाज आला, “काकाजी, निकाल द्या ना जी. जाचं हाये आमाले.”

काकाजींनी किटलीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग किटली दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावली आणि प्यायला लागले. वखरावरून सुटलेला बैल हौदावर पितो तसे, न थांबता. त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. आम्ही सगळे बघत राहिलो. काकू चुलीपाशी उभ्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, “सारं नोका पिऊ. सर्दी होईन.”

खिळा उघडा पडला तसे ते थांबले.

“काकाजी, हे खोटं आहे,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. “मी त्यांना बाहेर जाऊन सांगतो, माझी चूक—”

त्यांनी माझी कॉलर धरली. “बाबूसाहेब, तुह्यी माफी उद्या माग. आज सुटी घे.”

आणि किटली घेऊन बाहेर गेले. मी दाराआडून पाहत होतो. त्यांनी ती मुलाच्या वडिलांसमोर ठेवली, बोटानं खिळा दाखवला.

“नापास,” ते म्हणाले.

मुलानं किटलीत पाहिलं. मग काकाजींच्या कोरड्या पायजम्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, आणि त्याची नजर तिथंच थांबली. काकाजींच्या मिशांवर ताकाची पांढरी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुलानं तोंड उघडलं. वडिलांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेही मिशांकडेच बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी दारातल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी सारखी केली.

“लय खराब हायेत जी, तुमच्या वाशिमचे रस्ते,” ते म्हणाले.

“लय खराब,” काकाजी म्हणाले.

“पोराचा काही दोष?”

“काडीचा नाई. याच्यासाठी मी सोता पोरगी घेऊन येतो तुमच्या दारी. शबुद देतो.”

त्यांनी तो शब्द पुढे पाळला. मुलगा काकाजींच्या पाया पडला, मग काकूंच्या, आणि दोघं कारमध्ये बसून गेले. बाहेर कुठं काही चर्चा झाली नाही. खराब रस्त्यांवर काय चर्चा करणार?

काकाजी मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. ताकानं पोट भरलंय म्हणाले. संध्याकाळी ते ओट्यावर बसून होते. मी जवळ गेलो.

“भाच्याले नापास केलं होतं मी,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “अन् कोन पोरगी होती त्याच्यासाठी, तिले मी इचारलंच नोहतं. कोन्याच पोरीले नाई इचारलं आजलोक. मी आपला ताक धरून बसलो.”

मला काहीतरी बरं बोलायचं होतं. मी काकूंना विचारलं, “काकू, काकाजींची परीक्षा कोणी घेतली होती, लग्नाच्या वेळी?”

“मी घेऊन राह्यली ना,” काकू मेथी निवडत म्हणाल्या. “संपली कुठी अजून?”

बेबी दुसऱ्या दिवशी मेडशीला परत निघाली. बसस्टँडवर मी तिला म्हणालो की माझ्यामुळं तू अडकलीस, मला माफ कर. कित्येक वर्षं घोकलेलं वाक्य होतं ते. तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“तुह्यामुळं? तुले कोनं सांगतलं, दादा? जे पाह्यले आले ते मले आवडले नाई म्हून मी थांबली. तू वाशिमले असता काय अन् मेडशीले असता काय.”

बस आली, ती चढली. मी फलाटावर उभा राहिलो. खरं तर माझ्यावरचं केवढं तरी ओझं उतरायला हवं होतं. पण मला, कबूल करायला हवं, खिशातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी तिच्या आयुष्याच्या मधोमध स्वतःला उभं करून ठेवलं होतं, आणि तिनं मला हलक्या हातानं बाजूला केलं होतं. त्यातही तिचा राग नव्हता.

त्यानंतर काकाजींनी बरेच दिवस कोणाची सोयरीक जमवली नाही. लोक येत, ते नाही म्हणत. मग एक दिवस अनसिंगहून एक शिक्षक आला, तोही बेबीसाठीच. स्थळ काकाजींनी काढलं नव्हतं. अनसिंगच्या तिच्या एका गिऱ्हाइकाच्या नात्यातला होता. पण “काकाजींना दाखवल्याशिवाय नको,” असं बेबीच म्हणाली. तो एस.टी.नं आला आणि स्टँडवरून पायी घरापर्यंत. चष्मा, खांद्याला पिशवी, घामानं भिजलेला शर्ट.

“गाडी?” काकाजींनी विचारलं.

“येत नाई जी.”

“कोनतीच?”

“सायकल येते. पन मांगं कोनी बसलं की पडतो.”

काकू किटली भरून दारात आल्या होत्या. काकाजींनी हात हलवला, तशा त्या ती घेऊन परत आत गेल्या. काकाजी खुर्चीत बसले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवत, कधी खुर्चीच्या दांडीवर. बेबीनं खुंटीवरून किल्ली घेतली, स्कूटर वाकवली, सरळ केली आणि त्या मुलाला म्हणाली, “बसा.”

ती गचकली नाही. मैत्रिणीच्या दिराची गिअरची गाडी शिकून आली होती, हे नंतर कळलं. ते गेले आणि आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. मी ओट्यावरून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून ओट्यापर्यंत फेऱ्या मारत होतो.

स्कूटर आली. बेबी पुढे, तो मागे. दोन्ही हातांनी स्टेपनी घट्ट धरलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो सावकाश उतरला. काकाजी पुढे झाले. मला वाटलं, आता हे त्याला काहीतरी विचारणार. पण ते त्याच्यापाशी न थांबता बेबीसमोर जाऊन उभे राहिले.

“बोल बाई,” ते म्हणाले. “तुले इचारून राह्यलो.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकाजींनी मागे न बघता हात वर केला आणि मी ते मिटलं.

बेबीनं स्कूटर स्टँडला लावली आणि त्या मुलाकडे वळली.

“भेव लागलं?”

“लागलं.”

“मंग बोलले काहून नाई?”

“तुमी चालवून राह्यल्या होत्या ना,” तो म्हणाला. “मी बोललो असतो तं तुमचं ध्यान गेलं असतं.”

किल्ली तिच्या बोटात लटकत होती.

“शिकाची हाये का गाडी?”

त्यानं स्कूटरकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा नीट बसवला.

“तुमी शिकवत असान तं शिकतो,” तो म्हणाला. “पन अजून काही दिवस मांगंच बसू द्या.”

बेबी हसली. काकाजींनी किल्ली परत मागितली नाही.